दोनशे सोळा मीटरखालचा दगड

ही घटना खरी आहे.

खाणीचं नाव इथे सांगितलेलं नाही. लॅबचंही नाही. त्या लॅबवर आजही अकरा घरं चालतात, आणि त्यातल्या कोणाचा काही दोष नव्हता. बाकी सगळं जसं घडलं तसं आहे.

लोकांना वाटतं, असलं काही व्हायचं तर अमावस्येच्या रात्री होतं, सामसूम रस्त्यावर होतं.

हे भर दुपारी झालं.

डोंबिवलीत, एमआयडीसीत. गेल्या फेब्रुवारीतला शुक्रवार होता. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

डोंबिवलीकरांना शुक्रवार सांगायला नको. त्या दिवशी एमआयडीसीला सुट्टी. एरवी तिथे शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. शुक्रवारी मात्र पत्र्यावर बसलेल्या कावळ्याची नखंसुद्धा ऐकू येतात.

म्हणूनच तो आवाज अक्षदाला ऐकू आला.

अक्षदा चौतीस वर्षांची. राहायला ठाण्याला, खोपटला. बारा वर्षं त्या लॅबमध्ये दगड तपासत होती. खाणवाले जमिनीत खोल भोक पाडतात आणि आतून दगडाची कांडी बाहेर काढतात, मनगटाएवढी जाड, शेकडो मीटर लांब. तिला कोअर म्हणतात. तिचे मीटर-मीटरचे तुकडे पत्र्याच्या पेट्यांत ओळीने रचून ठेवतात. कुठला तुकडा किती खोलीवरचा, ते पेटीवर रंगवलेलं असतं. अक्षदाने तो दगड बघायचा, ओळखायचा, कागदावर त्याचं नाव लिहायचं आणि खाली सही करायची.

त्या सहीच्या भरवशावर पुढे माणसं खाली उतरतात.

त्या महिन्यात लॅबमध्ये बासष्ट पेट्या आल्या होत्या. दुसऱ्या राज्यातल्या एका तांब्याच्या खाणीतून. खाण त्रेपन्न वर्षं बंद होती. आता तांब्याला मागणी वाढली म्हणून एका नव्या कंपनीने ती घेतली होती. पेट्यांसोबत त्या काळचा टाइप केलेला अहवालही होता, पिवळा पडलेला. लॅबचे मालक केदार सर म्हणाले होते की फार खोलात जायचं कारण नाही. जुन्या अहवालाशी ताडून बघ, जुळलं की सही कर. मंगळवारी द्यायचंय.

म्हणून ती सुट्टीच्या दिवशी आली होती. गेटवर वॉचमन होता. मागच्या शेडमध्ये ती एकटी.

बेचाळीस पेट्या झाल्या. त्रेचाळिसावी उघडली. आणि...

ठक.

ठक. ठक.

मग थोडं थांबून...

ठक. ठक.

तिला वाटलं पत्रा तापलाय. फेब्रुवारी असला तरी दुपारी शेड भाजून निघते.

पुन्हा झालं. आधी तीन. मग दोन.

पत्रा असा मोजून वाजत नाही.

ती उठून आवाजाच्या दिशेने गेली. रॅकपाशी पोचली आणि आवाज बंद. समोर चव्वेचाळीस नंबरची पेटी होती. दोनशे पंधरा ते दोनशे वीस मीटर. झाकणाच्या कडेने पाण्याचा ओघळ उतरला होता.

त्या दिवशी नळाला पाणीसुद्धा नव्हतं.

तिने झाकण काढलं. चार ओळी कोरड्या ठाक. दुसरी ओळ, दोनशे सोळा मीटरची, ओली. नुसती ओली नाही. दगडाला घाम आल्यासारखे बारीक थेंब. तिने हात लावला...

दगड गरम होता.

आणि वास येत होता. वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या विहिरीचा.

दुसरं कोणी असतं तर तिथून निघून गेलं असतं. अक्षदाला भीती वाटली, पण त्याहून एक गोष्ट तिला खटकली. दगडाचा रंग.

जुन्या अहवालात या पाच मीटरसमोर लिहिलं होतं: क्वार्ट्झाइट. घट्ट. छताला आधाराची गरज नाही.

क्वार्ट्झाइट म्हणजे पूर्वीची वाळू. जमिनीच्या पोटात भाजून, दाबून इतकी कडक झालेली की लोखंडाने घासली तर लोखंड झिजेल. हा दगड हिरवट होता. तिने नखाने ओरखडा काढला. नखाला हिरवी भुकटी आली, साबणासारखी बुळबुळीत. तुकडा हातात घेतला तर पानं सुटावीत तसे त्याचे पापुद्रे सुटले.

हा शिस्ट होता. पूर्वीचा चिखल. तोही तसाच दाबला गेलेला, तसाच भाजलेला. न वितळता दुसरंच काहीतरी झालेला. तांबं अशाच खडकांच्या सांदीत येऊन बसतं. त्या खाणीतली तांब्याची शीर बरोबर दोनशे वीस मीटरवर सुरू होत होती.

म्हणजे ही पेटी खाणीचं छत होती.

आणि ते छत नखाने निघत होतं.

शनिवारी सकाळी तिने तो तुकडा पोपटकाकांकडे दिला. पोपटकाका मूळचे साताऱ्याकडचे, तीस वर्षं लॅबमध्ये दगड कापतात. कमी बोलणारा माणूस. दगडाची कागदाहून पातळ चकती काढून काचेवर चिकटवायची, हे त्यांचं काम. दगड कापताना करवत अशी किंचाळते की बाहेर चहाच्या टपरीपर्यंत कळतं.

अक्षदा बाजूच्या खोलीत वाट बघत बसली होती. आवाज येईना. तिला वाटलं काकांनी अजून मशीन लावलं नाही. पंधरा मिनिटांनी ते स्वतःच काच घेऊन आले. चेहरा उतरलेला.

"मॅडम, ब्लेड फिरत होतं, दगड कापला जात होता," ते म्हणाले. "पण आवाज नाही आला. कशाचाच नाही. मला खोकल्याची उबळ आली, ती पण माझी मला ऐकू नाही आली."

त्यांनी काच टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

अक्षदाने काच मायक्रोस्कोपखाली लावली. दगड असा बघताना काच ज्यावर ठेवतात ती मायक्रोस्कोपची बैठक गोल फिरवतात. एका फेरीत दगडातला एकेक कण काळा होतो, पुन्हा उजळतो. हा आधी, तो नंतर. सगळे एकदम कधीच काळे होत नाहीत. होऊच शकत नाहीत.

तिने बैठक फिरवली...

सगळं एकदम काळं झालं.

तिने आणखी फिरवलं. अंधार तसाच. बल्ब पाहिला, चालू होता. दुसरी काच लावली, ती नीट दिसत होती. पुन्हा ही लावली. अंधार.

ती बघत राहिली. आणि मग त्या अंधारात, खूप आत, एक पिवळा ठिपका दिसला.

तांब्याचं खनिज असेल म्हणावं, तर ते मायक्रोस्कोपखाली असं बघताना काळंच दिसतं. चमकत नाही.

आणि हलत तर नाहीच.

हा ठिपका हलत होता. डावीकडे, उजवीकडे... डोक्याला दिवा बांधलेला माणूस मान वळवून काहीतरी शोधत असावा तसा.

तिने डोळा बाजूला घेतला. उठून थेट केदार सरांच्या केबिनमध्ये गेली. आवाजाचं बोलली नाही, ठिपक्याचंही नाही. एवढंच सांगितलं की छताचा दगड चुकीचा लिहिलाय.

केदार सरांनी जुना अहवाल ओढून घेतला आणि खालची सही वाचली. सही म. वा. बेहेरे यांची होती. खाण सोडून ते पुढे ठाण्याला कॉलेजात शिकवायला लागले होते. केदार सर त्यांचेच विद्यार्थी. दगड हातात कसा धरायचा इथपासून त्यांना बेहेरे सरांनी शिकवलं होतं.

"अगं, सर चुकणार नाहीत," ते म्हणाले. "क्वार्ट्झाइट आणि शिस्टमध्ये तर शाळेतलं पोरही चुकत नाही."

तेच तर अक्षदाला कळत नव्हतं.

बेहेरे सर पाचपाखाडीला राहतात, खोपटहून चालत पंधरा मिनिटं. रविवारी सकाळी ती गेली. दार सुमतीबाईंनी उघडलं, त्यांच्या पत्नीने. सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. वय चौऱ्याऐंशी, हात थरथरणारे, पण नजर स्वच्छ. खाणीचं नाव ऐकल्यावर त्यांनी सुमतीबाईंना म्हटलं, तू जरा आत जा. त्या गेल्या नाहीत. तिथेच पलंगाच्या कडेला बसल्या.

अक्षदाने दगडाचं सांगितलं. सर ऐकत राहिले. मग तिला राहवलं नाही. तिने आवाजाचंही सांगून टाकलं.

सरांनी डोळे मिटले.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"आधी तीन. मग थांबून दोन."

मग सर सावकाश सांगू लागले. त्यांनी शिस्टच लिहिला होता. व्यवस्थापकाने कागद परत पाठवला. शिस्ट म्हटलं की छताला लाकडाचे खांब द्यावे लागणार, काम चार महिने मागे जाणार. दोन वेळा परत पाठवला. तिसऱ्या वेळी सरांनी क्वार्ट्झाइट लिहिलं. नोकरी नवी होती, घरी दीड वर्षाचा मुलगा होता. पाच आठवड्यांनी, दुपारच्या पाळीत, दोन वाजून दहा मिनिटांनी छत बसलं. आत पाच माणसं. मध्ये ढीग पडला, तीन एका बाजूला, दोन दुसऱ्या. ती जिवंत होती. खडकावर हातोडी मारून सांगत होती, आम्ही इतके आहोत. तिघांनी तीन ठोके द्यायचे, दोघांनी दोन.

पहिल्या दिवशी पाच ठोके येत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच आले.

तिसऱ्या दिवशी नाही आले.

चौकशीत छत घट्ट होतं असं निघालं. कागदावर तसंच होतं.

"तुम्हाला पाच ऐकू आले," सर म्हणाले. "म्हणजे त्यांचा अजून पहिलाच दिवस चाललाय."



तिने विचारलं, हे लिहून द्याल का? सरांनी थरथरणारे हात तिच्यापुढे धरले. तेव्हा सुमतीबाई उठल्या. टेबलावरून वही-पेन घेतलं आणि सरांसमोर बसल्या. सर सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मी, मधुसूदन बेहेरे, जाणूनबुजून खोटं लिहिलं. छप्पन्न वर्षांच्या संसारात त्यांना यातलं अक्षरही माहीत नव्हतं. पानभर लिहून होईपर्यंत त्यांनी एकदाही मान वर केली नाही. सही करायला त्यांनीच सरांचा हात धरला.

दाराशी अक्षदाला सोडायला आल्यावर त्या इतकंच म्हणाल्या, की दुपारी दोनला ते रोज पाणी मागतात, आणि ग्लास हातात धरून बसतात. पीत नाहीत.

सोमवारी एमआयडीसी चालू. सगळीकडे घरघर. दोन वाजता अक्षदा शेडमध्ये गेली, चव्वेचाळीसच्या पेटीला कान लावून उभी राहिली. पोपटकाकाही मागून आले. तिने त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी न विचारता पेटीच्या दुसऱ्या टोकाला कान लावला.

दोन वाजून दहा मिनिटं...

ठक. ठक. ठक.

ठोके थांबले. दोघंही वाट बघत राहिले.

पुढचे दोन आलेच नाहीत.

"दोघं गेले," अक्षदाच्या तोंडून निघून गेलं. पोपटकाकांनी तिच्याकडे पाहिलं. कोण ते विचारलं नाही. डोक्यावरची टोपी काढली.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. नवऱ्याला, प्रितमला, तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, नोकरी गेली तर बघू, पण तू खोटं लिहू नको. तो भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. तरी त्याने हॉलमधला दिवा रात्रभर चालूच ठेवला.

मंगळवारी ती सकाळपासून लिहीत होती. केदार सर दोनदा येऊन गेले. कंपनीचा फोन सारखा येत होता. दीड वाजता त्यांनी सरळ विचारलं, जुळवलंस का. तिने सुमतीबाईंच्या अक्षरातलं ते पान त्यांच्यापुढे ठेवलं.

केदार सरांनी ते वाचलं. खुर्चीत बसले. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "पाठव."

दोन वाजून दोन मिनिटांनी अहवाल गेला. दोनशे पंधरा ते दोनशे वीस मीटर, क्लोराइट शिस्ट. ठिसूळ, पापुद्रे सुटणारा. आधाराशिवाय छताखाली माणूस उभा करू नये. खाली अक्षदाची सही.

ती धावत शेडमध्ये गेली. पोपटकाका आधीच तिथे उभे होते.

दोन वाजून पाच.

दोन वाजून आठ.

दोन वाजून दहा...

काही नाही.

सव्वादोन झाले. शेजारच्या कारखान्यात कोणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याचा भोंगा वाजत होता. पेटीतून काहीच नाही. अक्षदाने झाकण काढलं. दुसरी ओळ कोरडी. हात लावला तर दगड गार. साधा, मेलेला दगड.

पोपटकाकांनी हात जोडले. त्यांना वाटलं, सुटले बिचारे.

अक्षदाला तसं म्हणवेना. त्या तिसऱ्या दिवशीही ठोके आले नव्हतेच. आपण खरं लिहिलं म्हणून ते थांबले, की तेव्हासारखेच पुन्हा आत संपले?

हे तिला अजूनही कळलेलं नाही.

कंपनीने अहवाल नाकारला. भांडण केलं नाही, पत्रही पाठवलं नाही. एप्रिलमध्ये ट्रक आला, बासष्ट पेट्या चढवल्या आणि नागपूरच्या दुसऱ्या एका लॅबकडे नेल्या. केदार सरांनी आणि अक्षदाने खाण सुरक्षेच्या सरकारी कार्यालयाला अहवाल आणि बेहेरे सरांचं पान, दोन्ही रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोचपावती आली. उत्तर नाही.

मे महिन्यात एका दुपारी अक्षदाला अनोळखी नंबरवरून फोन आला. सिद्धेश म्हणून मुलगा. नागपूरच्या त्या लॅबमध्ये नवीन लागलेला भूवैज्ञानिक. पेट्यांवर तिचं नाव होतं, त्यावरून नंबर शोधला म्हणाला. इकडचं तिकडचं बोलला. मुद्द्यावर येईना.

मग हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही पेट्यांसोबत किती माणसं पाठवली होती?"

ती म्हणाली, आम्ही कोणालाच नाही. ट्रक कंपनीचा होता. ड्रायव्हर आणि क्लीनर असतील.



"आमच्या गेटवर माणसं मोजून आत घेतात," सिद्धेश म्हणाला. "वॉचमनने ट्रकसोबत सात लिहिलेत. तो म्हणतो, मागे पेट्यांवर पाच जण बसले होते. अंगावर हिरवी धूळ होती. बाहेर जाताना दोनच गेले."

अक्षदाने एवढंच विचारलं, की चव्वेचाळीसच्या पेटीसमोर तू काय लिहितोयस?

मागे कुठेतरी दार आपटल्याचा आवाज आला.

"साहेबांनी सांगितलंय तेच," तो म्हणाला. "जुन्या अहवालाशी जुळवून."

तिने त्याला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. शेवटी ती म्हणाली, "सिद्धेश, त्या पाच जणांना घाबरू नकोस. तू फक्त दगडाचं खरं नाव लिही."

तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. त्याने काय लिहिलं ते तिला माहीत नाही. नंतर दोनदा तिने फोन केला. पहिल्यांदा त्याने उचलला आणि मॅडम मी नंतर करतो म्हणाला. दुसऱ्यांदा नंबर बंद होता.

गेल्या आठवड्यात पेपरात एक छोटी जाहिरात आली. त्या खाणीत भरती आहे. जमिनीखालच्या कामासाठी चाळीस माणसं. राहायची सोय, दोन वेळचं जेवण. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, अनुभवाची अट नाही.

अक्षदाने जाहिरात कापून ठेवली आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती त्यावरचा नंबर लावते. पलीकडून कोणीतरी मुलगी गोड आवाजात विचारते, तुम्हाला कुठल्या कामासाठी अर्ज करायचाय?

काय सांगायचं ते तिला अजून सुचलेलं नाही.